मूळपुरुषाचं पान

घराण्याचा इतिहास काढायचा म्हणता? काढू नका. माझं झालं तेवढं बास.

अर्धापूरजवळची इनाम जमीन आमच्या मूळपुरुषाला मिळाली होती, असं वडील सांगतात. तिच्या कागदासाठी मी लातूरहून नांदेडला लई खेटे घातले. शेवटी इनामाच्या जुन्या नोंदीची नक्कल हातात आली, तर सगळी उर्दूत! मग एका रिटायर उर्दू मास्तरांना गाठलं. त्यांनी भिंग धरून नाव वाचलं. आमच्या मूळपुरुषाचंच! मी खुर्ची पुढं ओढली.

"पुढं वाचा ना, चाचा."

ते थांबले. "पाणी घेता?"

"काय लिहिलंय?"

"लावल्द फौत. म्हणजे मूलबाळ नसतानाच वारला. जमीन सरकारजमा."

"मग आम्ही कोण?"

"ते या कागदात न्हाई, बेटा."

घरी येऊन वडिलांना सांगितलं. ऐंशीच्या पुढचे हायत. दर पितृपक्षात त्या माणसाच्या नावाचं पान स्वतःच्या हातानं वाढतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "यंदा पान वाढायचं का न्हाई?"

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला मी. ती नक्कल घडी करून ट्रंकेत टाकली.