उंटाच्या घरात घोडा

चौऱ्याऐंशी सालच्या सौंसरच्या बुद्धिबळ स्पर्धेतला शेवटचा डाव भगवंतराव नुकतेच हरले होते. छिंदवाड्याला खेळायला जायचा मान गेला होता. पांढुर्ण्याच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. पुढच्या बाकावरचे दोघे मात्र अजून त्या पटावरच होते.

"मोहगावच्या गुलाबचं प्यादं पार शेवटच्या घरात पोचलं न् बे, तर त्यानं काय मांगावं? घोडा!"

"वजीर सोडून घोडा? येडा झाला काय?"

"सारे हसले. अन् मंग कळलं, घोड्याचा शह, राजाले हलाले जागाच नाही. मात!"

"बाप्पा! अन् वजीर मांगला असता त?"

"पुढच्याच चालीत भगवंतराव त्याले मात देऊन राहिले होते."

"एवढं पाह्यलं त्यानं?"

"कायचं पाह्यते! आपल्या खेड्यापाड्यात प्यादं ज्याच्या घरात पोचलं, तेच मोहरं भेटते ना? घोड्याच्या घरात गेलं असन, सवयीनं घोडा मांगून बसला. नशीब गड्याचं."

"म्हणजे भगवंतराव नुसते नशिबानं हरले."

एवढ्यावर गप्प बसायला भगवंतरावांची काही हरकत नव्हती. पण ते पुढे वाकले.

"प्यादं उंटाच्या घरात पोचलं होतं, भाऊ."

"मंग सवयीनं त उंट मांगाले पाह्यजे होता."

"हो ना. त्यानं घोडा मांगला."

"तुमाले कसं दिसलं काका? मले त भगवंतरावाच्या पाठीआडून पटच दिसत नव्हता."

"मी गुलाबच्या समोर बसलो होतो."