पानं आतच होती

सगुणाबाई लहानपणीच्या मैत्रिणीला, झुंबरला, भेटायला जालन्याच्या नव्या वसाहतीत गेल्या होत्या. वसाहतीच्या तोंडाशी असलेल्या पहिल्याच घरी "अशी कोणी इथं न्हाई राहत" ऐकलं, अन् तिळाच्या पोळ्यांचं गाठोडं तसंच घेऊन त्या स्टँडवर घनसावंगीच्या एसटीत येऊन बसल्या. मागच्या बाकावर कॉम्प्युटरवाल्या हापिसातली दोघं बोलत होती.

"फरजानाताई, काल तुम्ही होत्या म्हणून वाचलो. वेबसाइटवरची कापसाची सगळी पानं उडाली समजून मी राजीनामाच लिहायला बसल्तो."

"उडतील कशी, धर्मराजभाऊ? पानं बराबर होती."

"मंग शोधलं की शून्य कसं येऊन राह्यलं?"

"गेल्या महिन्यात आपण ती वर्षावर्षाच्या फोल्डरात हलवली ना? तुमची शोधायची क्वेरी कापसाच्या फोल्डरच्या दारातच विचारून माघारी येऊन राह्यली."

"अन् तुम्ही केलं काय?"

"क्वेरीतल्या पाथमध्ये, म्हंजे कुठं शोधायचं त्या वाटेत, एका स्लॅशच्या, तिरप्या रेघेच्या, जागी दोन दिले. एक दिला तर दारातच बघतं. दोन दिले की आत आत, शेवटच्या खोलीपर्यंत जातं."

"एवढंच?"

"एवढंच. दारात दिसलं न्हाई म्हणून घरातच न्हाई, असं थोडंच असतंय?"

"लई उपकार झाले. आईनं तुम्हाला जेवायला बोलावलंय."

ड्रायव्हरनं गाडी चालू केली, तशा सगुणाबाई उठल्या.

"मावशी, गाडी सुटून राह्यली. कुठं निघाल्या?" फरजानानं मागून विचारलं.

सगुणाबाईंनी गाठोडं सोडलं अन् दोन पोळ्या फरजानाच्या हातावर ठेवल्या.

"खा माय. बाकीच्या वसाहतीच्या आतल्या गल्लीत द्यायच्यात."