रोज घेतलेला बॅकअप

मुलाखतीच्या खोलीबाहेर ती आपल्या नंबराची वाट पाहत होती. शेजारी एक मामा भाचीला पढवत होते.

“सर्व्हर कधी बंद पडू दिलायस का विचारलं, तर साफ नाही म्हणायचं.”

“पण पडलाय ना मामा. दवाखान्याचा. अकरा तास.”

“बॅकअप होता की!”

“रोज घ्यायचे. पण त्यातली माहिती परत काढून कधी बघितलीच नव्हती. ऐन वेळी फाइल रिकामी निघाली.”

“हे आत बोललीस तर स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेशील.”

“मग आता दर सोमवारी काढून बघते, ते कशामुळे म्हणून सांगू?”

दार उघडलं. भाची आत गेली.

मामा शेजारी थांबलेल्या तिच्याकडे वळले. “तुमच्या हातून झालंय का हो असं कधी?”

“छे! मी रोज न चुकता बॅकअप घेते.”

आणि तिने घाईघाईने ऑफिसला फोन लावला.