खुडेसरांच्या पेशी

मंडळी, ऐका! आज एक प्रश्न घेऊन उभा राहिलोय, तो आधी तुमच्या पदरात टाकतो. एक माणूस बुडतोय. काठावरून तुम्ही हात दिलात. त्यानं तो घट्ट धरला. आणि मध्येच तुमच्या लक्षात आलं — अरे, आपलाच पाय घसरतोय! तुम्ही हात काढून घेतलात. आता सांगा, हात दिल्याचं पुण्य लागलं की काढून घेतल्याचं पाप?

गप्प झालात! काकू, माळ थांबली तुमची. थांबू द्या, मलाही उत्तर येत नव्हतं. म्हणून हे आख्यान. पुराणातलं नाही, पुण्यातलं आहे!

पुण्यात हेरंब चाफळकर नावाचा एक गृहस्थ. चाळिशीचा, हुशार, गोड बोलणारा. धंदा काय? तर दुसऱ्यांचा पैसा नव्या कंपन्यांत लावायचा. साधा धंदा नव्हे हो! दहा कंपन्यांत पैसा घालायचा, त्यातल्या बऱ्याच बुडणार हे आधीच धरून चालायचं, आणि एखादी अशी वर जाईल की सगळं भरून निघेल, या आशेवर बसायचं. आपण लग्नाचा मुलगा बघताना इतका धोका पत्करतो का? — बरं, पत्करतो. हसू नका, शेजारी नवरे बसलेत!

तर या हेरंबाच्या फंडानं पैसा घातला डॉक्टर शर्वाणी भुस्कुटे यांच्या कंपनीत. बाई मोठ्या शास्त्रज्ञ. रक्ताच्या कॅन्सरवर काम. त्या काय करायच्या? आपल्या रक्तात शिपाई असतात — पांढऱ्या पेशी. कॅन्सर त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकतो. शर्वाणीबाई रोग्याच्या रक्तातून हे शिपाई बाहेर काढायच्या, त्यांच्यात एक नवं जीन घालायच्या — जीन म्हणजे पँट नव्हे हो! शिकवण म्हणा, ओळख म्हणा. शिपाई शत्रू ओळखायला शिकला की त्याची फौज वाढवायची, गोठवून टाकीत ठेवायची, आणि वेळ आली की त्याच माणसाच्या अंगात परत सोडायची. ज्याचे शिपाई त्यालाच! दुसऱ्याला उपयोग शून्य!

आता या आख्यानातला तिसरा माणूस. बार्शीचे ज्ञानदेव खुडे, शाळेत पी.टी.चे सर. गळ्यात शिट्टी, आवाज असा की मैदानाच्या पलीकडची म्हैस सावधान उभी राहावी! त्यांना रक्ताचा कॅन्सर. दोनदा उपचार झाले, दोनदा उलटला. तिसरी वाट एकच उरली — शर्वाणीबाईंच्या नव्या उपचाराची चाचणी. पुण्याच्या इस्पितळात सरांच्या पेशी काढल्या, कंपनीत नेल्या.

त्या दिवशी हेरंब तिथे आला होता. गुंतवणूकदार आहे, बघायला नको? सरांच्या पत्नी इंदुमतीबाई व्हरांड्यात उभ्या. बार्शीत त्यांचं झेरॉक्सचं दुकान, ते बंद करून आलेल्या. हेरंबानं त्यांना आपलं कार्ड दिलं आणि सहज, अगदी सहज म्हणाला, "ताई, काळजी करू नका. आम्ही आहोत ना!"

आम्ही आहोत ना! मंडळी, किती सोपे शब्द! लग्नात म्हणतो, मयतीला म्हणतो, लिफ्टमध्ये कुणी भेटला तरी म्हणतो. म्हणून मोकळे होतो. पण ऐकणारा मोकळा होत नाही!

पुढे काय झालं? परदेशातली एक मोठी कंपनी याच वाटेवर पुढे निघून गेली. इकडे एकेका माणसाची फौज वेगवेगळी तयार करायची, खर्च आवरेना. फंडाचे मोठे साहेब कमलाकर नाडगौडा यांनी हेरंबाला बोलावलं. काचेची खोली, थंडगार हवा.

"हेरंब, ही कंपनी पुढे जाणार नाही. आत्ताच बंद केली तर खात्यात उरलेला पैसा परत येईल. संचालक मंडळावर आपल्या बाजूनं तू आहेस. तुझ्या सहीशिवाय बंद होत नाही. सही करून टाक."

"पण सर, काही पेशंटच्या पेशी टाकीत आहेत."

"मला माहीत आहे. वाईट वाटतं. पण हा पैसा माझा नाही, तुझाही नाही. एका विमा कंपनीचा यात वाटा आहे. म्हणजे हप्ते भरणाऱ्या माणसांचा. त्यांना काय सांगू?"

बघा, नाडगौडांना राक्षस करू नका! राक्षस असता तर आख्यान सोपं होतं. माणूस खरं बोलत होता. आणि हेरंबाला हेही ठाऊक होतं, की पुढच्या फंडात त्याचं नाव वर जाणार आहे. तो म्हणाला, "दोन दिवस द्या."

तिथून तडक शर्वाणीबाईंकडे. "टाकीत कुणाकुणाच्या पेशी आहेत?"

"तिघांच्या. दोघांना या आठवड्यात देतोय. खुडेसरांना देता येत नाही. त्यांच्या छातीत जंतुसंसर्ग झालाय, ताप आहे. अशात दिल्या तर जीव जाईल. ताप उतरेपर्यंत थांबायचं."

"आणि कंपनी बंद झाली तर?"

"पेशी गोठलेल्या राहायला टाकीत नायट्रोजन कोण भरणार? माझी माणसं कोण ठेवणार? आणि पेशी दिल्यावर पुढे काही झालं तर जबाबदार कोण? जबाबदार कुणी नसेल तर इस्पितळ हातच लावणार नाही."

"त्यांना सांगितलंत?"

शर्वाणीबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "कुठल्या तोंडानं सांगू? तुम्ही सांगा."

त्यानं सांगितलं नाही. कुणी सांगितलं असतं? पण बातमी थांबते का? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन वाजला.

"साहेब, मी इंदुमती खुडे. कंपनी बंद होणार म्हणतात. आमच्या सरांच्या पेशी आहेत ना तिथं?"

"आहेत ताई."

"मग त्यांचं काय करतात? फेकून देतात का?"

हेरंबानं फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"साहेब, मी रागावून विचारत नाही. तुम्ही म्हणाला होतात, आम्ही आहोत. आम्ही म्हणजे कोण कोण, तेवढं सांगा. त्या सगळ्यांना मी फोन करते."

कोण कोण? फंड? संचालक मंडळ? हप्ते भरणारी माणसं? तो "आम्ही" उच्चारताना समोर एकच माणूस उभा होता — हेरंब चाफळकर! फोन ठेवला. समोरची पोह्यांची बशी बाजूला सारली. आणि मनात आणखी एक भीती — समजा, मी अडून बसलो, सगळं घालवलं, आणि खुडेसर तरीही गेले तर? पैसाही गेला, माणूसही गेला. मग काय मिळवलं?

पेटीवाले, जरा सूर धरा. इथे अभंगाची एक ओळ म्हणतो. माझीच आहे, कुणा संताच्या नावावर खपवत नाही —

*धरिलासे हात भरल्या प्रवाही।*
*आता तुज नाही मोकळीक॥*

नाही मोकळीक! हेरंब काचेच्या खोलीत परत गेला. तिथलं बोलणं त्यानंच मला सांगितलं. म्हणाला, "सर, कंपनी बंद करा. मी विरोध करत नाही. नवा पेशंट एकही घेऊ नका. पण ज्यांच्या अंगातून काढून आणलंय, त्यांचं त्यांना परत दिल्याशिवाय मी सही करणार नाही. उरलेला पैसा त्यालाच लागेल."

"तुझ्या जागी मी दुसरा माणूस नेमू शकतो."

"नेमा. कागद व्हायला वेळ लागेल, तेवढाच मला हवाय."

नाडगौडांनी समोरची फाईल मिटली. "आणि तो माणूस वाचला नाही तर?"

"तर नाही वाचला."

बाहेर आला आणि जिन्यात बसला.

आता सुरू झाली शर्यत. मंडळी, शर्यत कुणाची? एकीकडे नाडगौडांचे कागद, दुसरीकडे खुडेसरांचा ताप! रोज सकाळी इंदुमतीबाईंचा फोन. "आज जरा कमी आहे." दुसऱ्या दिवशी, "पुन्हा चढला." हेरंबाला फोन वाजला तरी भीती, नाही वाजला तरी भीती! बायको म्हणाली, "अहो, तुम्हालाच ताप आल्यासारखा दिसतोय." टाकीतल्या तिघांपैकी दोघांना पेशी दिल्या गेल्या. त्यातले एक आजोबा टिकले नाहीत. ती बातमी आली आणि हेरंबानं मनात सही करून टाकली. हो! शूर माणसाची गोष्ट सांगत नाहीये मी. घाबरलेल्या माणसाची सांगतोय.

आणि मग सरांचा ताप उतरला! छातीचा फोटो स्वच्छ आला. शर्वाणीबाईंनी पेशी स्वतः इस्पितळात नेल्या. एवढीशी पिशवी, चहाच्या कपात मावेल इतकं पाणी — त्यात सरांची सगळी फौज! नळीतून आत सोडली. झालं?

कसलं झालं! दोन दिवसांनी पुन्हा ताप. आणि आता ऐका हं, काय विचित्र खेळ आहे देवाचा — हे औषध लागू पडलं की ताप येतो, आणि बिघडलं तरी ताप येतो! आत शिपाई लढतायत, अंग पेटलंय. जिंकतायत की हरतायत, बाहेर कुणाला कळेना. रक्तदाब खाली गेला, सरांना आयसीयूत हलवलं. बायकोलाही ओळखेनात. काचेबाहेर इंदुमतीबाई, त्यांच्या शेजारी हेरंब. एकदा बाईंनी विचारलं, "साहेब, तुम्हाला ऑफिस नाही?"

"आहे ताई," तो म्हणाला. "जाईन."

गेला नाही.

हळूहळू रक्तदाब सावरला. ताप उतरला. सरांनी डोळे उघडले, बायकोकडे बघितलं आणि पहिला शब्द काय? "शाळा उघडली का?" जूनचा महिना होता हो! बाई तिथंच खाली बसल्या आणि हमसून हमसून रडल्या.

महिन्यानं तपासणी झाली. डॉक्टर "बरे झालात" म्हणाले नाहीत. म्हणाले, "सध्या रोग दिसत नाही. वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागेल." ते लक्ष कोण ठेवणार, हे हेरंबानं इस्पितळाकडून लेखी घेतलं आणि मगच सही केली. त्याच आठवड्यात नाडगौडांचे कागदही तयार झाले होते. कंपनी बंद पडली. शर्वाणीबाई दुसरीकडे शिकवायला गेल्या. पुढच्या फंडाच्या यादीत हेरंबाचं नाव नव्हतं. आता नाशकात एका छोट्या औषध कंपनीत हिशेब बघतो.

मागे त्याच्या घरी जेवायला गेलो होतो. विचारलं, "हेरंबा, खरं सांग. पुण्य लागलं का रे?"

म्हणाला, "बुवा, पुण्याचं ठाऊक नाही. इंदुमतीताईंचा फोन आला की अजून छातीत धस्स होतं. उचलेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. हे आता जन्मभर."

ऐकलंत? हे त्या प्रश्नाचं उत्तर. हात दिला की पुण्य नाही लागत, धस्स लागतं! ते ज्याला नको असेल त्यानं पहिल्याच दिवशी नाही म्हणावं. नाही म्हणणं पाप नाही. पण हो म्हणून, त्याच्या अंगातलं काढून घेऊन, मग संचालक मंडळाकडे बोट दाखवायचं — ते मात्र हा समोरचा पांडुरंगसुद्धा पोटात घालेल का, मला शंका आहे.

आणि तुम्ही? तुम्ही फंड चालवत नाही, मी ओळखतो तुम्हाला! पण त्या भाच्याला म्हणालात ना, "फीचं मी बघतो"? एकट्या राहणाऱ्या मावशीला म्हणालात ना, "डॉक्टरकडे मी नेतो"? एकदा नेलंत. मग? ती अजून दारात चप्पल घालून बसली आहे!

निरांजन लावलेलं दिसतंय मला, गुरुजी. जरा थांबा. मंडळी, आरती पाच मिनिटांनी करू. देव उभाच आहे, त्याला सवय आहे. ज्याला फोन करायचा राहिलाय, त्यानं बाहेर ओट्यावर जावं, करावा आणि आत यावं. जा. मी थांबलोय.