भट्टीतली वरची फळी

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष प्राचार्या माननीय शोभाताई, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सिरॅमिक विभागाचे गुरुजन, कार्यालयातले माझे सोबती आणि कोपरापर्यंत मातीनं माखलेल्या विद्यार्थिमित्रांनो,

एकतीस वर्षं मी या महाविद्यालयाच्या ग्लेझच्या, म्हणजे भांड्यांना रंग-चकाकी देणाऱ्या लेपाच्या, खोलीत मदतनीस होतो. माईकपुढे आज पहिल्यांदाच उभा आहे.

विद्यार्थ्यांच्या वतीनं बोलताना दीक्षा आत्ता म्हणाली, की रुपरावकाकांचे रंग कधी चुकले नाहीत. पोरी, प्रेमानं बोललीस. पण रंग चुकले नाहीत ते बादल्यांवर चिठ्ठ्या होत्या म्हणून. कच्चं ग्लेझ दिसतं कसं? बहुतेक सगळं राखेच्या पाण्यासारखं. हिरवं कोणतं, ते भट्टी उघडल्यावर कळतं.

एक काम मात्र तुम्हाला ठाऊक नसेल. ग्लेझमध्ये बुडवलेल्या भांड्याचं बूड ओल्या स्पंजनं पुसावं लागतं. नाहीतर ग्लेझ वितळतं आणि भांडं भट्टीतल्या फळीला कायमचं चिकटतं. तुम्ही मुलं हमखास विसरता. तुम्ही गेल्यावर मी एकेक भांडं उलटं करून पुसत असे. बुडावर तुमची नावं कोरलेली, म्हणून ती मला पाठ आहेत. भांडी घेऊन तुम्ही निघून जाता, खोलीत पुन्हा मी आणि बादल्या. तक्रार नाही. खोटं कशाला बोलू, थोडी आहे.

आठ वर्षांपूर्वी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी शिबिर झालं. माझी बायको प्रेमिला आली. नरखेडकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. तिनं बोटांनीच एक कप घडवला, जरा वाकडा. पुढच्या आठवड्यात ग्लेझ लावायला आली आणि खोलीभर नजर फिरवून म्हणाली, "दिवसभर इथं कोनासंग बोलता जी?"

म्हटलं, "बादल्याइसंग."

ती हसली. मग म्हणाली, "मले काहून नाही सांगितलं आजवर?"

आम्ही बोलत बसलो. त्या खोलीत माझ्याशी इतका वेळ कोणीच बोललं नव्हतं. त्या नादात साऱ्या कॉलेजची बुडं पुसणारा मी, तिच्या कपाचं बूड पुसायला विसरलो.

कप चिकटला. छिन्नी लावली असती तर फुटला असता. "कवा काढसान जी?" ती विचारायची. मी म्हणायचो, काढतो सवडीनं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून प्रत्येक भट्टीत ती फळी मी सगळ्यात वर लावतो आणि तुमची भांडी तिच्या कपाभोवती मांडतो.

सोमवारी नवी भट्टी येते आहे. आनंदच आहे. जुन्या फळ्या भंगारात जाणार, असं कळलं. नियमानं फळी महाविद्यालयाची. कप मात्र माझ्या बायकोचा आहे. मी अर्ज दिला होता, पंधरा दिवस झाले, उत्तर नाही, म्हणून भर सभेत विचारतो. शोभाताई, शाल आणि श्रीफळ डोक्याला लावून घेतो. पण निरोपाची भेट म्हणून दिलेलं हे भिंतीवरचं घड्याळ परत घेऊन ती फळी मला द्याल का?

कप मी सोडवणार नाही. त्यात चहा ओतता येईल, उचलता येणार नाही. चालेल मला. सकाळी दोघांचा चहा टाकायची सवय अजून सुटलेली नाही.

आपण सर्वांनी माझं ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. निरोपाच्या दिवशी मागणं मागितलं, हे कोणाला खटकलं असेल तर पोटात घाला.

शोभाताई, उत्तर आत्ताच दिलंत तर बरं होईल. ऑटो गेटवर उभा करून आलो आहे.