सलग चौदा

शिकागोच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या ऑगस्टने पुस्तक उघडं धरलं होतं, पण कान शेजारी होते. म्हाताऱ्याच्या डोक्यावर शहराच्या दक्षिण भागातल्या बेसबॉल संघाची टोपी होती, शेजारच्या बाईंच्या डोक्यावर उत्तर भागातल्या संघाची.

“काल परत हरलात म्हणे?”

“सलग चौदावा सामना.”

“घरात कुणी चिडवत नाही?”

“भाऊ चिडवायचा. उत्तरेला राहायला गेला आणि तुमचा झाला. आम्ही हरलो की फोन करून नुसता आकडा सांगायचा आणि ठेवून द्यायचा.”

“मग काल फोन आला असेल!”

“मार्चमध्ये गेला हो तो. तरी सामना संपल्यावर फोनपाशी बसलो होतो.”

बाई त्यांच्याकडे वळल्या.

“चौदा.”

“असं नाही, बाई. जरा हसून म्हणा.”