अंतराळातलं पाणी

चहा जरा कडकच कर बाई, आज माझ्या पायांचे तुकडे पडलेत.

आमच्या सोलापूरच्या शाळेची सहावी घेऊन अंतराळ मोहिमांच्या संग्रहालयात गेले होते. तिथला गाईड हौसेनं सांगत होता, "अंतराळस्थानकात पाणी फार कमी. अंतराळवीर आंघोळ करत नाहीत, ओल्या फडक्यानं अंग पुसतात." त्याला वाटलं, पोरं चकित होतील. पोरं जांभया देत होती.

माझ्या वर्गातल्या रेणुकानं विचारलं, "सर, तितं पानी किती दिवसाआड येतं?"

"रोज मिळतं. घाम, लघवी, सगळं शुद्ध करून तेच पितात."

आता ही 'शी' म्हणणार, असं त्याला वाटलं. ती म्हणाली, "रोज मिळतंय म्हनल्यावर लई बरं हाय की."

तो माझ्याकडं बघायला लागला. तेवढ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. "मॅडम, तुमच्या दाराला कुलूप. नळाला पानी आलंय, तुमी कुटं हाय?"

आज आमच्या गल्लीचा पाण्याचा दिवस होता, ते मी साफ विसरले होते. "अंतराळात," म्हटलं.

"मग पुढच्या पान्यापतूर तितंच ऱ्हावा की."